मोहल्ल्यातल्या घराला भाव का नाही?

"मोहल्ल्यात घर बांधू नका, पैसा अडकून पडतो." बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात हा सल्ला ऐकायला मिळतो, आणि देणारे बहुतेक आपलेच असतात. कोणी शिक्षक, कोणी बँकेत नोकरीला, कोणी आखाती देशांत दहा वर्षे काढून परत आलेला. सल्ला व्यवहाराला धरूनच आहे. तीस बाय चाळीसचा प्लॉट, त्याच विटा, तेच सिमेंट, तोच मिस्त्री. एक घर कॉलनीत, दुसरे मोहल्ल्यात. दहा वर्षांनी विकायला काढा, भावात फरक पडलेला दिसतो. बँकेत तारण ठेवायला न्या, फरक आणखी वाढतो. राग सल्ल्याचा येत नाही. "मार्केटच तसं आहे" असे म्हणून सगळे मोकळे होतात, त्याचा येतो. जणू मार्केट म्हणजे अवकाळी पाऊस. आला, झोडपून गेला, तक्रार कोणाकडे करणार?

तक्रार करता येते. मोहल्ल्यातल्या घराचा भाव पाडणारे हात ओळखू येतात. त्यातले काही नगरपरिषदेत आहेत, काही दलालाच्या दुकानात, आणि काही आपल्याच घरात बसलेले आहेत. शेवटच्यांबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो, म्हणून त्यांच्यावर या लेखात जास्त लिहिले आहे.

आधी निसर्गाचा हिशेब मिटवू. आपला जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेने दोन भागांत कापलेला आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा, सिंदखेडराजा; घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतीला तडा देते. मुरूम लागेपर्यंत पाया नेला नाही तर घर पाच-सात वर्षांत बोलू लागते. त्यात खारपाण पट्टा. बोअर घेतली तरी पाणी खारट. पिण्याला नाही, भांड्याला नाही, बांधकामालाही धड नाही. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना करावी लागली ती यामुळेच. घाटावर पाया स्वस्तात होतो, पण उन्हाळ्यात नळाला आठवड्याने पाणी. या साऱ्याचा घराच्या किमतीवर परिणाम होतो, हे खरे. पण काळी माती कॉलनीखालीही तीच आणि मोहल्ल्याखालीही तीच. एका गावातल्या दोन गल्ल्यांत जो फरक पडतो त्याचे उत्तर मातीकडे नाही.

मग रस्ता. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. मेहकर आणि सिंदखेडराजा परिसरातल्या जमिनीचे बोल त्याआधीच बदलले होते. ज्या खामगावात कापसासाठी १८७० साली रेल्वेचा फाटा आला, तिथे खामगाव–जालना लोहमार्गाच्या सर्वेक्षणाची बातमी आजही आली की प्लॉटच्या जाहिराती निघतात. शेगावात मंदिर आणि स्टेशन यांच्या जवळची जागा सोन्याची. यात गूढ काही नाही. सरकार किंवा एखादी मोठी संस्था जिथे पैसा ओतते तिथल्या घराचा भाव वाढतो, घरमालकाने एक वीटही न लावता. तेव्हा किमतीचा मोठा भाग घराच्या बाहेर, सार्वजनिक पैशाने तयार होतो. हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही: मोहल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला सार्वजनिक पैसा किती आला?

२०२३ साली काही अर्थशास्त्रज्ञांनी देशातल्या सुमारे १५ लाख वस्त्यांच्या माहितीवर एक शोधनिबंध लिहिला. जिल्हा-जिल्हा किंवा शहर-शहर अशी तुलना त्यांनी टाळली. एकाच शहरातली एक वस्ती दुसरीसमोर ठेवली. निष्कर्ष असा की शाळा, दवाखाना, नळ, गटार या गोष्टी मुस्लिमबहुल वस्त्यांत पद्धतशीरपणे कमी आहेत. पूर्ण मुस्लिम वस्तीत माध्यमिक शाळा असण्याची शक्यता, जिथे एकही मुसलमान राहत नाही अशा वस्तीच्या मानाने निम्मी भरते. तालुक्याची सरासरी काढली की हा फरक दिसेनासा होतो, म्हणून "तुमच्या गावाला निधी मिळाला की" हे उत्तर खरेही असते आणि फसवेही. निधी गावाला मिळतो, आणि मग कोणत्या गल्लीत उतरतो?

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांच्या आसपास होती. त्यात मुसलमान साधारण १४ टक्के आणि बौद्धही जवळपास तेवढेच. म्हणजे ही गोष्ट एकट्या मोहल्ल्याची नाही. भीमनगरातल्या घराचा भाव लावतानाही दलालाचा तोच चेहरा होतो. घनकचऱ्याची जागा, कत्तलखाना, नाल्याचे तोंड हे आराखड्यात कुणाच्या दाराशी येते आणि बगिचा, खेळाचे मैदान, वाचनालय कुणाच्या दाराशी, हे नकाशा हातात घेऊन बघावे. नकाशा गुप्त नसतो. १९६६ च्या नगररचना कायद्याने विकास आराखडा जाहीर करावा लागतो आणि त्यावर हरकती मागवाव्या लागतात. हरकती नोंदवणाऱ्यांच्या यादीत आपली नावे किती असतात, तेही बघावे.

आता दलालाकडे येऊ. कॉलनीतल्या घराची चौकशी करणाऱ्याचे आडनाव ऐकून "कालच सौदा झाला" म्हणणारे कमी नाहीत. उघड नकार कोणी देत नाही; नकाराला आता गोड भाषा आली आहे. परिणाम दुहेरी होतो, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. ज्याला कॉलनीत घर मिळत नाही तो मोहल्ल्यातच जागा शोधतो. जागा तेवढीच, माणसे वाढलेली, म्हणून अर्ध्या गुंठ्याच्या तुकड्यालाही घासाघीस करून पैसे मोजावे लागतात. पण विकायची वेळ आली की गिऱ्हाईक फक्त मोहल्ल्यातलेच. कॉलनीतल्या घराला सगळे गाव गिऱ्हाईक. आपल्या घराला गावाचा एक तुकडा. बँकेचा मूल्यांकन करणारा येतो, गल्लीची रुंदी मोजतो, गटार बघतो, "रीसेल कमी आहे" असा शेरा मारतो. घेताना महाग, तारण ठेवताना स्वस्त. हा एक प्रकारचा करच आहे, फक्त त्याची पावती मिळत नाही.

अमेरिकेत हे उघडपणे झाले. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. काळ्या लोकांच्या वस्त्यांवर लाल रंग, म्हणजे कर्ज देणे धोक्याचे. घर विकताना वर्ण बघण्यावर १९६८ साली तिथे कायद्याने बंदी आली. लाल वस्त्यांतल्या घरांची किंमत मात्र दोन पिढ्यांनंतरही मागेच राहिली. आपल्याकडे खासगी घर विकताना किंवा भाड्याने देताना धर्म-जात बघण्यावर तसा स्वतंत्र कायदा नाही. उलट झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एका समाजापुरते ठेवण्याचा सोसायटीचा अधिकार मान्य केला. शेजारच्या गुजरातेत १९९१ च्या अशांत क्षेत्र कायद्याखाली, ज्या भागांना तो लागू आहे तिथे, घर विकायला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. परिणामी हिंदूचे घर मुसलमानाला किंवा मुसलमानाचे हिंदूला जाणे अवघड होऊन बसते. आपल्याकडे असा कायदा नाही. पण दलालाच्या दुकानात तो न लिहिता चालतो.

इथपर्यंत आपल्या बैठकांतून माना डोलतात. आता पुढचे.

रेडी रेकनर म्हणजे काय? नोंदणी व मुद्रांक विभाग दर वर्षी १ एप्रिलपासून लागू होणारे जे बाजारमूल्य दर तक्ते काढतो, त्यात गावाचे विभाग-उपविभाग पाडून प्रत्येकाला दर लावलेला असतो. मुद्रांक शुल्क त्यावर ठरते. हे दर ठरवताना त्या भागात नोंदणी झालेले व्यवहार बघितले जातात. बँकेचा मूल्यांककही तेच बघतो: शेजारी अलीकडे काय भावाने खरेदीखत झाले? आणि मोहल्ल्यात खरेदीखतच होत नाही. शंभराच्या स्टॅम्पवर (ऑक्टोबर २०२४ पासून तो पाचशेचा झाला) नोटरीपुढे सौदाचिठ्ठी, ताबापावती, दोन साक्षीदार, दुवा आणि मिठाई. घर झाले! १९०८ चा नोंदणी कायदा आणि त्याहून जुना मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की घराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. २०११ साली सूरज लॅम्पच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्र आणि साठेखतावरच्या "विक्री"ला मालकी मानायला नकार दिला. नगरपरिषदेची घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ कराची नोंद दाखवतात, मालकी सिद्ध करत नाहीत. तरी आपण फ्रेम करून ठेवतो ती पावती.

खर्च परवडत नाही, हे कारण मी हसण्यावारी नेणार नाही. नगरपरिषद हद्दीत अधिभार धरून साधारण ६ टक्के मुद्रांक शुल्क, वर १ टक्का नोंदणी फी. बारा लाखांच्या घराला ८४ हजार. हातगाडीवाल्याच्या घरात एवढी रक्कम एकदम निघत नाही. शिवाय मुळात प्लॉटच बिगरशेती न करता, ले-आउट मंजूर न करता पाडलेले. दुय्यम निबंधकाकडे गेले तर दस्त घेत नाहीत. यात पहिला दोष त्या प्लॉट पाडणाऱ्याचा, जो चार महिन्यांत पैसे घेऊन मोकळा झाला. गुंठेवारी नियमित करण्याचा २००१ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. तुकडेबंदीतही २०२५ मध्ये शासनाने सवलत दिली. या सवलतींची माहिती शुक्रवारच्या नमाजनंतर पाच मिनिटे दिली गेली असती तर कितीतरी गल्ल्यांचे कागद सरळ झाले असते. चंद्र दिसला की नाही यावर आपण रात्री बारापर्यंत फोन करतो!

आणि जे खरेदीखत करतात ते किंमत कमी दाखवतात. वीस लाखांचा सौदा, कागदावर बारा. वाचवलेले शुल्क हातात दिसते. गमावलेले दिसत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव ठरवताना मुद्रांकाचा दर आणि परिसरातल्या गेल्या तीन वर्षांच्या नोंदणीकृत खरेदीखतांची सरासरी यांतले जे जास्त ते धरतात, आणि मोबदला त्याच आकड्याच्या पटीत मिळतो. समृद्धीच्या वेळी पाच पटीचा बोलबाला झाला, पण पाच पट कशाची? कागदावरच्या आकड्याची. पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पात बुडणाऱ्या गावांची मोबदल्याची भांडणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगायला नको. एकाने किंमत लपवली की शेजारच्या दहा जणांचा भाव पडतो. ही लबाडी सर्व समाजांत आहे, हे कबूल. पण ज्याच्या घराचा भाव आधीच पाडलेला आहे त्याला ती परवडत नाही.

तोंडी हिब्याची गोष्ट तर आपली खास. वडिलांनी चार लोकांसमोर सांगितले, "हे घर धाकट्याला दिले," धाकट्याने कबूल केले, ताबा घेतला. मुस्लिम कायद्यात हे दान पूर्ण होते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १२९ त्याला अपवाद म्हणून सांभाळते, आणि हफिजा बीबीच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी आवश्यक नसल्याचे सांगितले. कायदा ठीक आहे. पण साक्षीदार मरतात. बँक तोंडी हिब्यावर कर्ज देत नाही, परका माणूस तोंडी हिब्यावर घर घेत नाही, आणि थोरल्याला आठवत नाही वडील तसे काही म्हणाले होते. महाराष्ट्रात राहते घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने दिले तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार तेवढा वेगळा. ज्या सवलतीचा फायदा शेजारचा सावकार घेतो, ती आपण "आमच्यात तोंडी चालतं" म्हणून सोडून देतो.

सगळ्यात मोठी कात्री मात्र बहिणींच्या नावावर चालते.

समजा आजोबा गेले. मागे आजी, तीन मुलगे, दोन मुली. घराची किंमत सोळा लाख धरू. आपण ज्या शरियतचे नाव घेतो तिच्याच हिशेबाने आजीचा आठवा हिस्सा म्हणजे दोन लाख. उरलेल्यात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा. प्रत्येक मुलगा साडेतीन लाख, प्रत्येक मुलगी पावणेदोन लाख. (निम्माच का, हा वाद आहे आणि असला पाहिजे, बापाला तो मिटवायचा असेल तर जिवंतपणी बक्षीसपत्राने मुलीला बरोबरीने द्यायला कोणी अडवलेले नाही.) आणि प्रत्यक्षात काय होते? फुप्पीने "माफ" केले. कधी माफ केले, कुठे, कोणासमोर, कुणाला ठाऊक नाही. ईदला साडी आणि आंब्याच्या दिवसांत एक पेटी, एवढ्यावर तिचा हिस्सा संपला. वारस नोंदीला भाऊ गेले तेव्हा तिचे नाव सांगितलेच नाही, किंवा मिळकत पत्रिकेवर आजोबाच अजून जिवंत आहेत.

१९३७ च्या शरियत कायद्यासाठी मोर्चे काढणारा आपला समाज त्याच कायद्याने दिलेला मुलीचा वाटा मात्र मोडीत काढतो. न्यायाची बाजू बाजूला ठेवून, ज्यांना फक्त पैसा कळतो त्यांच्यासाठी पैशातच बोलू. मुस्लिम कायद्यात माणूस गेला त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा त्याच्या मालकीचा होतो. नोंद होवो न होवो. फुप्पी वारली तर तिचा हिस्सा तिच्या नवऱ्याकडे आणि मुलांकडे जातो. काका वारले तर काकू आणि चार मुले. तीन पिढ्यांत त्या साडेबाराशे फुटांच्या घराचे मालक वीस-पंचवीस होतात. कोणी भिवंडीत, कोणी हैदराबादेत, कोणी दुबईत. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय स्वच्छ खरेदीखत होत नाही. वकील शोध अहवालात "वारस अपूर्ण" लिहितो आणि सोळा लाखांचे घर बारा-तेरा लाखांना मागितले जाते. दोन्ही बहिणींचे मिळून साडेतीन लाख वाचवायला निघालेले भाऊ तेवढेच, कधी जास्त, बाजारात टाकून येतात. आणि हे कमी झालेले पैसे पुन्हा तक्त्यात, मूल्यांककाच्या वहीत, शेजाऱ्याच्या भावात उतरतात. दलाल मग खुशाल म्हणतो, "मोहल्ल्यात टायटल क्लिअर नसतं." त्याचा पूर्वग्रह आपण कागदावर खरा करून देतो.

मौलाना, जमातचे सदर, निवडणुकीला उभे राहणारे भाई यांना विचारायचे ते हे: वारसाहक्कात ढवळाढवळ नको असे तुम्ही सरकारला ठणकावून सांगता; मग निकाह लावताना किंवा दफनानंतर चाळिसाव्याला, मय्यतीच्या घरी वारसांची पूर्ण यादी लिहून घ्यायला तुम्हाला कोणी रोखले आहे? मुलींची नावे घालून? यादीला खर्च नाही, सरकारची परवानगी नाही, फतवाही लागत नाही.

नगरपरिषदांवर कित्येक वर्षे प्रशासक होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि नवे नगरसेवक आले. त्यांच्याकडे मोहल्ल्याच्या कमानीची आणि हायमास्ट दिव्याची मागणी घेऊन जाणारे पुष्कळ भेटतील. त्याऐवजी गेल्या पाच वर्षांचा प्रभागनिहाय खर्च मागावा. माहिती अधिकारात दहा रुपयांत अर्ज होतो. किती मीटर गटार कोणत्या प्रभागात, नळाची मुख्य वाहिनी कुठे संपते, गुंठेवारीचे किती अर्ज पडून आहेत, गावठाणातल्या कोणत्या गल्ल्यांची मिळकत पत्रिका झालेलीच नाही. आकडे हातात घेऊन बौद्ध वस्तीतल्या, मातंग वस्तीतल्या कार्यकर्त्यांबरोबर एकत्र जावे. त्यांचे आकडे फार वेगळे नसतील.

घराच्या कागदांचे काम त्यासाठी थांबवू नये. निवासी घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही ही अटही २०२३ मध्ये गेली. वीस लाखांच्या घराला वीस हजार वाचतात, आणि तलाक किंवा वैधव्य आले तर बाईच्या डोक्यावर छप्पर राहते. ज्यांच्या घरात वडील हयात आहेत त्यांनी बहिणींना बोलावून, सगळ्यांच्या समोर, बक्षीसपत्राचे ठरवावे. ज्यांचे वडील गेले आहेत त्यांनी वारस नोंदीचा अर्ज सगळ्या नावांसह द्यावा आणि मग वाटपपत्र नोंदवावे. मार्चमध्ये नवे दर लागण्याच्या भीतीने दुय्यम निबंधक कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते, सर्व्हर बंद पडतो. जानेवारीत गेलेले बरे.